‘म्हणे’ची साक्ष

मराठी भाषेत ‘म्हणे’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. वाक्याच्या शेवटी तो ठेवून दिला की बोलणाऱ्याच्या शिरावरची जबाबदारी उतरते; कोण म्हणाले, कोठे म्हणाले, स्वतः पाहून म्हणाले की दुसऱ्याच्या तोंडून ऐकून म्हणाले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावर उरत नाही. नांदेडच्या वजिराबादेत असो, लातूरच्या गंजगोलाईत असो, की एखाद्या तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोरच्या हॉटेलात असो, एखाद्या घरात स्त्री आणि तिची लेकरे मृत सापडली आणि तिच्या नवऱ्याला पोलीस ठाण्यात नेले, एवढी वार्ता येण्याचा अवकाश, की पंचनाम्यावरची शाई वाळण्यापूर्वी या शब्दाचा अंमल सुरू होतो. त्याचे बाहेर काही होते म्हणे. विम्याची रक्कम मोठी होती म्हणे. माहेरच्यांनी पूर्वीही तक्रार केली होती म्हणे. आणि काहीच सुचले नाही तर, प्रेते पाहूनही तो रडला नाही म्हणे. तो रडला असेल, तर इतका रडला की ते सोंगच वाटले म्हणे. आरोपीने रडावे की न रडावे, याचा निर्णय लागत नाही, कारण निकाल आधीच लागलेला असतो.

अशा प्रसंगी संशय नवऱ्यावर जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. घराच्या चार भिंतींत घडलेल्या मृत्यूचा तपास त्या भिंतींत राहणाऱ्यांपासूनच सुरू झाला पाहिजे, आणि ज्या प्रदेशाने हुंड्यापायी आणि मानपानापायी किती लेकी गमावल्या याची मोजदाद करायलाही मन धजत नाही, त्या मराठवाड्याने तरी सासरच्या उंबऱ्याकडे डोळेझाक करू नये. माझे म्हणणे इतकेच आहे, की संशय हा तपासाचा आरंभ असतो. त्यालाच शेवट मानले, तर आरोपीवर अन्याय होतोच, पण त्याहून मोठा अन्याय त्या मृत स्त्रीवर होतो. हे पटवून देण्यासाठी परदेशी दाखले शोधण्याची गरज नाही. आपल्याच भूमीशी नाते असलेले दोन खटले पुरेसे आहेत.

पहिला खटला न्यायशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ठाऊक असतो. बीडची एक मुलगी १९८२ च्या फेब्रुवारीत लग्न होऊन पुण्यास गेली आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात, म्हणजे लग्नाला पुरते चार महिने झाले असतील-नसतील तोच, सासरच्या घरी सायनाइडच्या विषाने मरण पावली. तिने माहेरच्या माणसांना आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे न्यायालयापुढे आली. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. पत्रे तीच होती, शब्द तेच होते. परंतु खालच्या न्यायालयांना ज्या ओळींत जिवाला असलेल्या धोक्याची चाहूल लागली, त्याच ओळींत न्यायमूर्ती मुर्तझा फझल अली यांना एका हळव्या, खचलेल्या मनाची घालमेल दिसली, आणि मृत्यू आत्महत्येने आला असण्याची शक्यता त्यांना दूर सारता आली नाही. ज्या ओळींचा अर्थ लावताना आयुष्यभर कायदा जाणलेल्या माणसांतही असा मतभेद होतो, त्यांचा अर्थ आपण चहा निवायच्या आत लावून मोकळे होतो.

या निकालातच परिस्थितिजन्य पुराव्याची ती पाच तत्त्वे एकत्र सांगितली गेली, ज्यांना न्यायालयानेच ‘पंचशील’ म्हटले. परिस्थिती सिद्ध झालीच पाहिजे, ती ‘सिद्ध होऊ शकेल’ इतके म्हणून भागत नाही. सिद्ध झालेल्या गोष्टी आरोपीच्या अपराधाशीच जुळल्या पाहिजेत. त्या निर्णायक स्वरूपाच्या असल्या पाहिजेत. अपराधावाचून दुसरा कोणताही संभव त्यांनी शिल्लक ठेवता कामा नये. आणि पुराव्याची साखळी अशी अखंड असली पाहिजे, की आरोपी निर्दोष असेल असे मानण्यास वाजवी कारण उरू नये. ‘असेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ या दोन शब्दांमधले अंतर किती मोठे आहे, हे या निकालाने सांगितले. आणि ‘म्हणे’चे सारे राज्य नेमके त्या अंतरातच वसलेले असते.

या निकालाने सगळ्यांचे समाधान झाले नाही, हेही नमूद केले पाहिजे. हुंडाबळींच्या वार्ता रोज छापून येत होत्या, भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ येऊन अजून वर्षही झाले नव्हते, अशा त्या काळात स्त्री-संघटनांनी या निकालाविरुद्ध उघड निषेध नोंदवला. आणि बंद दारामागे मेलेल्या स्त्रीची साक्ष कोण देणार, हा त्यांचा सवाल खोटा नव्हता. त्या सवालाचे उत्तर पुढे दुसऱ्या खटल्याने दिले, आणि तो खटला आपल्या नांदेड जिल्ह्यातला आहे.

‘त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो २००६ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. टेम्पोसाठी माहेराहून पैसे आणावेत म्हणून छळ सोसत असलेली एक विवाहिता मरण पावली, आणि तिला साप चावला, असे सासरकडून सांगण्यात आले. या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबावे. शिवारात राबणाऱ्या माणसांच्या गावात साप चावून मरण येणे ही अशक्य कोटीतील गोष्ट नव्हे. अशी बातमी सहज पसरते, सहज पटते, आणि पटल्यावर लोक हळहळून आपापल्या कामाला लागतात. ‘म्हणे’ हा शब्द नेहमी आरोपीच्या गळ्यालाच फास लावतो, असा ज्यांचा समज असेल, त्यांनी हे पाहावे, की येथे तो आरोपीची ढाल होऊन आला होता. ती ढाल मोडली ती शवविच्छेदनाने: मृत्यू सर्पदंशाने नव्हे, तर गळा दाबल्याने झाला होता.

त्या निकालात न्यायालयाने जे सांगितले, ते प्रत्येक घरधन्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. घराच्या आत, आपल्या सोयीची वेळ साधून केलेल्या गुन्ह्याचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार फिर्यादी पक्षाने आणावा, ही अपेक्षा व्यवहारात निरर्थक आहे. म्हणून पत्नी घरात असताना तिचा असा मृत्यू झाला, की तो कसा झाला याचा खुलासा करण्याचा भार काही अंशी घरात असलेल्या पतीवर येतो, आणि तो मूक राहिला किंवा खोटे बोलला, तर ते मौन आणि तो खोटेपणा साखळीतला आणखी एक दुवा ठरतो. पुरावा अधिनियमाच्या कलम १०६ मध्ये हे तत्त्व १८७२ पासून होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १०९ म्हणून कायम आहे. निरपराध्याला शिक्षा होऊ नये याची काळजी वाहणे जितके न्यायाधीशाचे कर्तव्य आहे, तितकेच अपराधी सुटू नये हे पाहणेही, असा इशाराही त्या निकालात आहे. मात्र एक मर्यादा विसरून चालत नाही: फिर्यादी पक्षाला प्रथम आपली बाजू पायावर उभी करावी लागते, पतीच्या मौनाने ती भक्कम होईल, पण केवळ मौनावर ती उभी राहणार नाही.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले, म्हणजे एक गोष्ट उमगते. एकाने पती सुटला, दुसऱ्याने पतीची शिक्षा कायम झाली. आणि दोन्ही ठिकाणी चावडीवरच्या चर्चेला कवडीचेही मोल मिळाले नाही. पहिल्या ठिकाणी साखळी तुटली म्हणून माणूस वाचला, दुसऱ्या ठिकाणी वैद्यकीय अहवालाने आणि पतीच्या खोट्या खुलाशाने ती जुळली म्हणून दोषी ठरला. म्हणजे कायदा पतीला सोडतो, अशी जी हाकाटी होते ती खरी नाही, आणि कायदा पतीला पाहताक्षणी अपराधी मानतो, अशी जी उलट तक्रार होते तीही खरी नाही.

लोकमताच्या लहरीवर न्याय सोपवला की काय होते, ते या राज्याने एकदा अनुभवले आहे. १९५९ साली नौदलातील कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या, तेव्हा ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने उभ्या केलेल्या सहानुभूतीच्या लाटेत ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांनी तो कौल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तेथे जनता पतीच्या बाजूने उभी होती. जनतेची बाजू कोणती, हा प्रश्नच गौण आहे. बाजू घेण्याइतकी माहिती तिच्यापाशी होती काय, हा खरा प्रश्न आहे.

आणि संशय नेहमी सोयीच्या माणसावर बसतो. घरात खून झाला की पती, आणि घरावर दरोडा पडला की पालात राहणारा भटका. २००३ साली नाशिककडे एका कुटुंबावर झालेल्या भीषण अत्याचाराच्या खटल्यात भटक्या जमातीतील सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली, आणि २०१९ साली त्याच न्यायालयाने फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडले व प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सोळा वर्षांचे मोल पाच लाख. यांच्या गळ्यापर्यंत आलेला दोर निदान न्यायालयाने मागे घेतला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात पोरे पळवणारे आले म्हणे, एवढ्यावरून जमावाने ज्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले, त्यांना अपील करण्यास कोणतेच न्यायालय उरले नव्हते.

या बाबतीत आम्ही वृत्तपत्रवालेही धुतल्या तांदळासारखे नाही. ‘पतीने दिली गुन्ह्याची कबुली’ हा मथळा आपण किती वेळा वाचला असेल! पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम कायद्यात दीडशे वर्षांपासून आहे. तो मथळ्याखाली एका ओळीत छापण्याचे सौजन्य मात्र क्वचितच कोणी दाखवतो. वृत्तपत्रांनी, दूरचित्रवाणीने किंवा आंदोलनाने चालवलेला खटला हा कायद्याच्या राज्याच्या विरुद्ध टोकाचा प्रकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात बजावले. आणि १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, तपास चालू असताना माध्यमांनी आरोपीच्या वा मृताच्या चारित्र्यावर भाष्य करू नये, गुन्ह्याचा प्रसंग पुन्हा रंगवून दाखवू नये, साक्षीदारांचे म्हणणे तोलत बसू नये, असे स्पष्ट सांगितले. मृताचे चारित्र्य हा शब्द मुद्दाम ध्यानात घ्यावा. पतीचा कट रचून झाला की चौकातील चर्चा हमखास पत्नीच्या वागण्याकडे वळते, आणि जिला उत्तर द्यायला तोंड उरलेले नाही तिच्यावर दुसऱ्यांदा घाव घातला जातो. घरातले एखादे लेकरू वाचलेले असेल, तर ते पुढे याच गावच्या शाळेत जाणार असते, आणि हे सारे त्याच्या कानावर पडणार असते.

आमच्या मराठवाड्याला अदालतीची भाषा नवी नाही. निजामी अमलात कामकाज उर्दूतून चाले, आणि फिर्याद, जबानी, मुद्देमाल, तहकूब हे शब्द निरक्षर शेतकऱ्याच्याही तोंडी बसले ते आजतागायत. जबानी म्हणजे ज्याने पाहिले त्याच्या मुखाचे शब्द, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. ऐकीव गोष्ट साक्ष होत नाही, हा इंग्रजांनी आणलेला नियम असला, तरी त्यामागचे शहाणपण आपल्या आजोबांनाही ठाऊक होते.

तरीही व्यवहार उलटा चालतो. रात्री शेजारच्या घरातून किंकाळ्या ऐकणारा, तिच्या अंगावरचे वळ पाहिलेली, ती माहेरी परतून आल्यावर ‘नांदायला जा’ म्हणून समजूत घालणारी, अशी माणसे चौकात तासन्‌तास बोलतात. आणि पंच म्हणून सही करण्याची, जबानी देण्याची, न्यायालयात पिंजऱ्यात उभे राहण्याची वेळ आली, की भावकीचे, सोयरिकीचे, निवडणुकीचे हिशेब आठवून त्यांची वाचा बसते. जे पाहिले ते सांगायचे नाही आणि जे पाहिले नाही तेच सांगायचे, असा हा विचित्र शिरस्ता आहे. अपराधी पती सुटतो तो कायदा मऊ म्हणून नव्हे. पुष्कळदा तो सुटतो तो साक्षीदार फितूर झाला म्हणून, आणि फितूर झालेला तो साक्षीदार कालच्या चर्चेत सर्वांत पुढे होता म्हणून.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. अशा घटनेविषयी आपणास काही ठाऊक असेल, तर ते पोलीस ठाण्यात जाऊन आपल्या नावानिशी नोंदवावे, आणि पुढे न्यायालयात त्याच शब्दांवर ठाम राहावे. काही ठाऊक नसेल, तर ‘म्हणे’ लावूनही ते बोलू नये.