आधी पाणी, मग वाफे

माळवा म्हणजे पाण्याचा सुकाळ, अशी या प्रांताची जुनी ख्याती. त्याच माळव्यातल्या देवासला 1990 च्या उन्हाळ्यात रेल्वेने पाणी आणावं लागलं. पवारांचं हे एकेकाळचं संस्थान, कुमार गंधर्वांचं गाव. मराठी माणसाला ते परकं वाटत नाही, म्हणून ही बातमी जास्त लागते. कूपनलिका खोल जात राहिल्या आणि विहिरी आटत गेल्या. पुढे 2006 मध्ये तिथले जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना विनवलं, की जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्या. टोंकखुर्द भागातल्या शेतकऱ्यांनी स्वतःचे पैसे घालून तळी खोदली, आणि पाहता पाहता ती हजारोंनी झाली.

त्याच देवास जिल्ह्यात, बागली तालुक्यातल्या एका आदिवासी वस्तीत सामूहिक परसबागेच्या कामाला गेले, तेव्हा हे सगळं मनात होतं. ही वस्ती घाटाकडची. इथल्या घरांकडे दहावा हिस्सा तळ्याला देण्याएवढं रान नाही. आहे तो हातपंप, त्याच्याभोवतीचं डबकं आणि शेजारची पंचायतीची पडीक जागा.

मी वाफ्यांची आखणी काढू लागले, तशा बचतगटातल्या काकी म्हणाल्या, “दीदी, रोपांचं नंतर. वैशाखात पाणी कोण घालणार, ते आधी ठरवू.”

त्यावर बायका बराच वेळ बोलत होत्या, आणि मला वाटतं बागेचं खरं काम तेच होतं. गहू काढणीला अर्धी वस्ती बाहेरगावी मजुरीला जाते. तेव्हा पाळी माणसाची नाही, घराची धरायची. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी पाणी घालायचं आणि भाजीचा पहिला वाटा त्यांनी घ्यायचा. हे दुसरं कलम मला फार मोलाचं वाटलं. सरकारी अंदाजपत्रकात रोपं असतात, कुंपण असतं, नावाची पाटी असते. पाणी घालणारीची मजुरी कुठेच नसते.

मग कुदळी निघाल्या. धुण्याच्या दगडाकडचं साबणाचं पाणी केळी आणि कर्दळीकडे वळवलं, हंडे भरताना सांडणारं स्वच्छ पाणी वेगळ्या चरातून पालक-मेथीकडे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून मुळं कुजवते, म्हणून वाफे उंच केले. बकऱ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण. गिलकी आणि वालाचं बी घराघरातून आलं, राखेत जपून ठेवलेलं.

पपई आणि शेवग्याची रोपं मात्र अजून लावलेली नाहीत. हातपंप बिघडला तर दुरुस्तीला दर घरामागे किती वर्गणी, हे ग्रामसभेत ठरल्याशिवाय ती आणायची नाहीत, असं बायकांनी सांगितलंय. मी रोपवाटिकेला तसं कळवलं आहे.