दिव्यांग कारागिराचे घर : कायदा आहे, कागद कुठे आहे?

व्यापार-उदिमाच्या पानावर घराचा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. सुताचा भाव, कापडाची उठाव, जीएसटीचे विवरणपत्र हे या पानाचे नेहमीचे विषय. पण ज्यांच्या हातचा माल आपण विकतो त्या कारागिरांपैकी पुष्कळांचे घर हेच दुकान आणि घर हाच कारखाना असतो. शिलाईचे मशीन, जरीकामाचा अड्डा, काजे-बटणाचे काम, सारे राहत्या खोलीत. अशा कारागिराला पायाचे किंवा डोळ्याचे अपंगत्व असेल आणि त्याचे राहणे दोन जिने वर किंवा बाजारापासून दूर गेले, तर त्याची रोजीही गेली. म्हणून हा प्रश्न व्यापाराचाच आहे, असे आम्ही मानतो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. अपंग व्यक्तींना समान संधी देणारा कायदा संसदेने १९९५ साली केला आणि तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४३ मध्ये घरासाठी व धंद्यासाठी सवलतीच्या दराने, प्राधान्याने जमीन देण्याच्या योजना सरकारने कराव्यात, असे लिहिले होते. किती द्यावे, याचा आकडा मात्र त्या कलमात नव्हता. ज्या सौद्यात नग आणि भाव लिहिलेला नाही तो सौदा नव्हे, नुसती बोलणी. हे व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको.

तो आकडा पुढच्या कायद्यात आला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे पूर्वी ७ प्रकार मानले जात, ते या कायद्याने २१ केले. ज्याचे अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक प्रमाणित झाले आहे त्याला कलम ३७ प्रमाणे सर्व संबंधित घरकुल योजनांत ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य आहे. त्याच कलमाचा तिसरा भाग आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावा. घर, निवारा, व्यवसाय, धंदा, उत्पादन केंद्र यांसाठी सवलतीच्या दराने जमीन वाटली जाईल तेव्हा त्यातही ५ टक्के वाटा दिव्यांगांचा आहे. म्हणजे घर आणि रोजगार कायद्याने एकाच ओळीत बसवले. योजना राबवताना मात्र दोघांची ताटातूट झाली.

आता नाशिककडे वळू. केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाची सुरुवात ३ डिसेंबर २००५ रोजी झाली. योगायोग असा की, हाच जागतिक अपंग दिन. त्या अभियानातून महापालिकेने चुंचाळे, वडाळा आदी ठिकाणी घरकुले बांधली. चुंचाळे शहराच्या एका टोकाला, अंबड औद्योगिक वसाहतीच्या बाजूला आहे. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याला ते सोयीचे. पण ज्याचे गिऱ्हाईक दूध बाजार, भद्रकाली, चौक मंडई या भागात आहे आणि जो कुबडीवर चालतो, त्याने रोज रिक्षाचे भाडे भरून कपड्यांचे गठ्ठे न्यावे-आणावे, तर मजुरीत उरणार काय?

दुसरा मार्ग म्हाडाचा. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प उभा राहिला की त्यातली २० टक्के घरे अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात आणि त्यांची सोडत म्हाडा काढते. २०११ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार होती, त्यामुळे हा नियम येथे लागू आहे. हिशेब साधा आहे. १०० सदनिकांचा प्रकल्प असेल तर २० घरे सोडतीला आणि कायद्याच्या ५ टक्क्यांनी त्यातले १ घर दिव्यांगाचे. ही वीस टक्के घरे नाशिकमध्ये म्हाडाला पुरती मिळाली नाहीत, असा आरोप झाला. २०२२ साली तो विधान परिषदेत गाजला आणि महापालिका आयुक्तांच्या बदलीपर्यंत गेला. वाद मोठ्या आकड्यांचा होता. पण मुळात वीस घरे आली नाहीत, तर त्यांतले ते एक घर येणार कोठून, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

त्याआधी २०१७ साली महापालिकेतील दिव्यांगांच्या राखीव ३ टक्के निधीवरून आमदार बच्चू कडू आणि आयुक्त यांच्यात दालनातच खडाजंगी झाली. गुन्हा दाखल झाला आणि २०२३ साली नाशिकच्या न्यायालयाने कडू यांना शिक्षा सुनावली. वर्तमानपत्रांत भांडणाचे रकाने भरले. त्या निधीतून किती दिव्यांगांच्या डोक्यावर छप्पर आले, याला तेवढी जागा मिळाली नाही. आज हा राखीव हिस्सा स्थानिक संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के आहे. राज्यात २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे. तेव्हा खाते नाही, पैसा नाही, ही सबब आता चालणार नाही.

मग अडते कोठे? आमच्या पाहण्यात दोन जागी अडते : एक मजल्यावर आणि दुसरे कागदावर.

मजल्याचे पाहा. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे जिने लाकडी, अरुंद आणि इतके उभे असतात की वरून सोडलेली दोरी धरून चढावे लागते. धडधाकट माणूसही पावसाळ्यात जपून उतरतो. पंतप्रधान आवास योजनेच्या २०१५ च्या नियमांत दिव्यांग व वृद्ध असलेल्या कुटुंबाला शक्यतो तळमजला किंवा खालचा मजला द्यावा, असे म्हटले आहे. पण आजच्या बहुतेक नव्या इमारतींत तळमजल्यावर वाहनतळ असतो. मोटारीला तळमजला आणि अपंग माणसाला जिना, अशी ही वाटणी आहे. लिफ्ट असली तरी लिफ्टपर्यंत पोहोचायला तीन पायऱ्या असतात. उताराचे प्रमाण १ ला १२ असावे, हा मान्य नियम. म्हणजे दीड फूट उंचीच्या जोत्याला अठरा फूट लांबीचा उतार हवा. दाराची रुंदी ९०० मिलिमीटर, सुमारे तीन फूट, असावी. नकाशा काढताना हे धरले तर खर्च किरकोळ. इमारत उभी राहिल्यावर तोडफोड करायची तर भारी. सुप्रीम कोर्टाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रातुरी खटल्यातील निकालात सुगमतेचे किमान निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करा, असे केंद्राला बजावले, ते याच कारणाने.

कागदाचे दुखणे याहून खोल आहे. आमच्याकडे शिलाईचे काम करणारा एक कारागीर लहानपणीच्या पोलिओमुळे एका पायाने अधू आहे. हाताचा इतका साफ की त्याच्या शेरवानीला गिऱ्हाईक थांबून राहते. सोडतीचा अर्ज भरायला बसला तेव्हा आधार कार्डावर एक नाव, दिव्यांग प्रमाणपत्रावर दुसरे स्पेलिंग आणि शाळेच्या उर्दू दाखल्यावर तिसरेच निघाले. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीला हा अनुभव नवा नाही. तेही दुरुस्त झाले असते. खरी अडचण उत्पन्नाची होती. नगावर मजुरी, ती रोख, कधी या दुकानाची तर कधी त्या. विवरणपत्र भरलेले नाही. तहसीलदाराचा दाखला मागायला गेला तर पहिला प्रश्न : पुरावा काय? मुदत संपली आणि अर्ज राहिला.

हा पुरावा सरकारकडे नाही, बँकेकडेही नाही. तो व्यापाऱ्याच्या वहीत आहे. आमच्या सांगण्याचा मुख्य मुद्दा हाच. मजुरी बँक खात्यात जमा करावी. दर महिन्याला नग, दर आणि रक्कम लिहिलेली सही-शिक्क्याची पावती द्यावी. दोन वर्षांच्या अशा नोंदी कारागिराजवळ असल्या तर दाखल्यालाही आधार मिळतो आणि सोडतीत घर लागल्यावर कर्ज मागताना बँकेपुढेही काही ठेवता येते. यात व्यापाऱ्याचा पैसा जात नाही, फक्त लिहिण्याचे कष्ट पडतात.

याबरोबर आणखी दोन कामे व्यापारी संघटनांना सहज जमण्यासारखी आहेत. सोडत जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच मोहल्ल्यात एक टेबल लावून आधार, पॅन, अधिवास दाखला आणि दिव्यांगांचे युडीआयडी कार्ड यांवरील नावे जुळवून घ्यावीत. अर्जासोबत भरायची अनामत रक्कम अनेकांना जड जाते. घर न लागल्यास ती परत मिळते. तेव्हा संघटनेने ती उसनी द्यावी आणि परत आली की पुढच्याला द्यावी. भांडवल तेच राहते.

१ सप्टेंबर २०२४ पासून पंतप्रधान आवास योजनेचा दुसरा टप्पा शहरांत सुरू झाला. त्यात दिव्यांगांना प्राधान्य आहेच, शिवाय पीएम विश्वकर्मा योजनेतील कारागिरांकडे आणि पीएम स्वनिधीतील फेरीवाल्यांकडे विशेष लक्ष द्यावे, असे म्हटले आहे. विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. जो शिंपीही आहे आणि दिव्यांगही, त्याचा हक्क दुहेरी ठरतो. पण दोन्ही नोंदी वेळेत झालेल्या हव्यात.

सरकारकडेही आमचे मागणे मोजके आहे. प्रत्येक सोडतीनंतर दिव्यांगांसाठी किती घरे होती, किती अर्ज आले, किती ताबे दिले आणि कोणत्या मजल्यावर दिले, हा तक्ता प्रसिद्ध करावा. मोठ्या घरकुलात तळमजल्यावर चार-दोन गाळे दिव्यांग कारागिरांसाठी ठेवावेत, म्हणजे कलम ३७ मधील घर आणि धंदा पुन्हा एकत्र येतील. दिव्यांगांच्या कोट्यात अर्जदार मिळाला नाही, तर ते घर दुसऱ्या प्रवर्गात वळवण्यापूर्वी त्या कोट्याची जाहिरात मोहल्ल्यात, मराठीबरोबर उर्दूतही लावावी.

काही मंडळी म्हणतात, एवढी यातायात कशाला, वर्गणी काढून त्याला मदत करू. मदत चांगलीच आहे. पण वर्गणीने महिन्याचे भाडे निघते. दारावर त्याचे नाव लागत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग होते. एवढ्यांचा प्रश्न खैरातीने सुटणारा नाही आणि हाताने कमावणाऱ्या माणसाला खैरात नकोच असते. त्याला त्याचे पाच टक्के हवे आहेत. ते मागण्यासाठी लागणारा एक कागद आपल्या गल्ल्याशेजारच्या पावती-पुस्तकात आहे. या महिन्याच्या मजुरीपासून तो फाडून द्यायला सुरुवात करावी, एवढीच व्यापारी बंधूंना आमची विनंती आहे.