बदलत्या बलाचा हिशेब

लातूर-नांदेडला खोली घेऊन ‘नीट’ची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन’ हे सूत्र मुखोद्गत असते. बल वाटेतच बदलू लागले, की हेच सूत्र फसवते. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकल्यास १ वजा होतो.

मराठवाड्यातील आडाचे उदाहरण घ्यावे. आड २० मीटर खोल, पाण्यासह बादली १० किलोची, दोर मीटरला अर्धा किलो. बादली संथपणे ओढताना तळाशी २० किलोचा भार असतो. दोर वर येईल तसा तो घटतो आणि काठाशी १० किलो उरतो. गुरुत्वत्वरण ९.८ धरल्यास आरंभीच्या भाराने कार्य ३,९२० ज्यूल येते, अखेरच्या भाराने १,९६०. दोन्ही उत्तरे चुकीची.

दुकानाच्या वहीत ही चूक होत नाही. मुद्दल हप्त्याहप्त्याने फिटत असेल, तर जितके दिवस जितकी बाकी, तितक्यावरच व्याज धरले जाते. वाटेचेही तसेच लहान तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्यावरील बल त्याच्या लांबीने गुणावे आणि बेरीज करावी. हेच संकलन. येथे भार एकसारख्या दराने घटतो, म्हणून सरासरी १५ किलो धरता येते : १५ × ९.८ × २० = २,९४० ज्यूल. घट एकसारखी नसेल, तेथे टोकांची सरासरी चालत नाही. तुकड्यांची बेरीजच करावी लागते.

सुटीत घरी आलेल्या मुलामुलींसमोर वडीलधाऱ्यांनी व्याजाचे एखादे खाते उघडून ठेवावे. संकलन तेथेच समजेल.