स्टिरॉइड एकदम बंद करू नका : उंदरांच्या ग्रंथींनी शिकवलेला धडा

“डॉक्टर, फार स्ट्रेस आहे. कॉर्टिसोल वाढलंय का, टेस्ट करून बघायची का?” हा प्रश्न हल्ली वारंवार कानावर येतो. कॉर्टिसोल कमी करणाऱ्या पावडरी, चहा आणि कॅप्सूल यांच्या जाहिराती मोबाइलवर सारख्या दिसत असतात. त्यामुळे कॉर्टिसोल म्हणजे एखादं विष आहे आणि ते कमी केलं की आपण ठणठणीत होऊ, असा समज पक्का होत चालला आहे.

माझं मत वेगळं आहे. मोठ्या आजारपणात कॉर्टिसोल वाढलंच नाही, तर माणूस दगावू शकतो. आणि ते वाढू न देणारी गोळी आपल्यापैकी अनेकांच्या औषधाच्या डब्यात असते, कित्येकदा त्यांच्या नकळत. हे नीट समजून घ्यायचं तर आधी प्रयोगशाळेतल्या उंदरांकडे जावं लागेल.

माँट्रियलचे उंदीर

१९३०च्या दशकात कॅनडातल्या माँट्रियल शहरात, मॅकगिल विद्यापीठात हान्स सेली नावाचे तरुण डॉक्टर हॉर्मोन्सवर संशोधन करत होते. स्त्रीबीजग्रंथींचा अर्क ते उंदरांना टोचत. उंदरांचं विच्छेदन केल्यावर त्यांना तीन गोष्टी दिसल्या. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या झाल्या होत्या. छातीतली थायमस ग्रंथी आणि लसिकाग्रंथी आक्रसल्या होत्या. जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात व्रण पडले होते.

आपल्याला नवं हॉर्मोन सापडलं, असं सेलींना आधी वाटलं. पण इतर अवयवांचे अर्क टोचले तरी तेच झालं. फॉर्मॅलिन टोचलं तरी तेच. मग त्यांनी उंदरांना कडक थंडीत ठेवलं, जखमा केल्या, दमेपर्यंत पळवलं. त्रास कोणताही असो, तीन खुणा त्याच. ४ जुलै १९३६च्या ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी हे छोट्याशा टिपणात मांडलं. पुढे याच कल्पनेला ‘स्ट्रेस’ हे नाव चिकटलं आणि ते जगभर गेलं.

बहुतेक जण गोष्ट इथेच थांबवतात. ताण आला, ग्रंथी सुजली, अल्सर झाला, म्हणजे ताणाचं हॉर्मोन वाईट! पण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे. ज्या उंदरांच्या दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढून टाकल्या, ते पिंजऱ्यात, उबेत, मिठाचं पाणी पिऊन जगत. मात्र धडधाकट उंदीर सहज सोसतो तेवढी थंडी, जखम किंवा जंतुसंसर्ग त्यांच्या जिवावर बेते. म्हणजे मोठी झालेली ग्रंथी उंदराला वाचवण्यासाठी जास्तीचं काम करत होती.

आपल्या शरीरात हेच होतं. ताप, न्यूमोनिया, अपघात, ऑपरेशन, काहीही झालं तरी मेंदूतून पिट्युटरी ग्रंथीला निरोप जातो, पिट्युटरी एसीटीएच हे हॉर्मोन सोडते आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल बनवते. (उंदरात कॉर्टिसोलऐवजी त्याचाच भाऊ, कॉर्टिकोस्टेरॉन असतो.) कॉर्टिसोल रक्तदाब टिकवतं, रक्तातली साखर टिकवतं आणि प्रतिकारशक्तीला लगाम घालतं. हा लगाम कशाला हवा? मारियस टाउस्क या डच शास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये एक छान उपमा दिली होती. आग विझवताना बंबाच्या पाण्यानेही घराचं नुकसान होतं. कॉर्टिसोल घराला त्या पाण्यापासून वाचवतं.

ग्रंथी झोपते कशी?

आता धोक्याचा भाग. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ड्वाइट इंगल आणि एडवर्ड केंडल यांच्या गटाने निरोगी उंदरांना अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा अर्क भरपूर प्रमाणात दिला. उंदरांच्या स्वतःच्या ग्रंथी चक्क झिजून गेल्या. कारण सोपं आहे. बाहेरून माल भरपूर येतोय म्हटल्यावर पिट्युटरी ऑर्डर देणंच बंद करते आणि कारखान्याला टाळं लागतं.

दहा वर्षांनी, १९४८ मध्ये, त्याच मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं. अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण १९५२ मध्येच एक दुःखद नोंद प्रसिद्ध झाली. संधिवातासाठी काही महिने कॉर्टिसोन घेतलेला एक तरुण ऑपरेशननंतर शॉकमध्ये जाऊन दगावला. शवविच्छेदनात त्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी झिजलेल्या आढळल्या. उंदरांनी चौदा वर्षं आधी जे सांगितलं होतं, तेच माणसात दिसलं.

आपल्याकडे काय चालतं?

स्टिरॉइड हे उत्तम औषध आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. दम्याचा झटका, काही मूत्रपिंडविकार, ल्युपस, आमवात यांत त्याने असंख्य जीव वाचतात. २०२० मध्ये ऑक्सिजनवरच्या कोविड रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडनेच वाचवले. माझी तक्रार औषधाबद्दल नाही, न सांगता देण्याबद्दल आणि न विचारता घेण्याबद्दल आहे.

गुडघेदुखीवर बिननावाच्या पुड्या मिळतात. “आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही” असं सांगितलं जातं आणि दोन दिवसांत दुखणं पळतं. इतक्या झटपट गुण आला की मला आधी स्टिरॉइडचीच शंका येते. कुणी जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या वर्षानुवर्षं आणतं. कुणी चेहरा उजळावा म्हणून तीव्र स्टिरॉइडचं मलम रोज फासतं. हळूहळू चेहरा गोल होतो, पोट सुटतं, कातडी पातळ होते, साखर आणि बीपी वाढतं. मग शेजारी सांगतात, “अहो, ते स्टिरॉइड आहे, आजच फेकून द्या!” आणि माणूस ते एकदम बंद करतो.

खरं संकट इथे सुरू होतं. बाहेरचा माल थांबला आणि आतला कारखाना बंद! प्रचंड थकवा, भूक मरणं, उलट्या, उठताना चक्कर, पोटदुखी ही त्याची लक्षणं. त्यातच ताप किंवा जुलाब झाले, तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. याला ‘अशक्तपणा’ म्हणून नुसती सलाइन लावून भागत नाही. वेळेवर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मिळालं तर माणूस वाचतो. पण ते देण्यासाठी तो स्टिरॉइड घेत होता, हे कुणीतरी डॉक्टरांना सांगायला हवं ना!

तुम्ही काय करायचं?

१. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, तर त्या स्वतःहून बंद करू नका. डोस हळूहळू उतरवावा लागतो. झोपलेली ग्रंथी जागी व्हायला काही महिनेही लागू शकतात.

२. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, डेफ्लाझाकोर्ट ही नावं लक्षात ठेवा. गोळ्यांच्या पट्टीवर ती बारीक अक्षरांत असतात.

३. ताप, उलट्या-जुलाब, अपघात किंवा ऑपरेशन असेल, तर “मी स्टिरॉइड घेतो” किंवा “वर्षभरात घेत होतो” हे पहिल्या वाक्यात सांगा. अशा वेळी डोस वाढवावा लागतो. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

४. दम्याचा पंप घाबरून सोडू नका. नेहमीच्या डोसमध्ये त्यातलं स्टिरॉइड फार थोडं असतं. डॉक्टरांनी दिलेल्या चार-पाच दिवसांच्या कोर्सलाही बिचकू नका.

५. बिननावाची पुडी घरात आणू नका. बरेच दिवस घेत असाल, तर ती फेकून न देता घेऊन डॉक्टरांकडे या.

आणि कॉर्टिसोल टेस्ट? रोजच्या दगदगीसाठी तिचा उपयोग नाही. कॉर्टिसोल सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्री सर्वांत कमी असतं, त्यामुळे अवेळी काढलेल्या एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. मानसिक ताण खरा असतो, पण त्यावर झोप, व्यायाम, मन मोकळं करणं आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ हेच उपाय आहेत. पावडरी नाहीत.

माझ्या डॉक्टर मित्रांनाही एक विनंती आहे. ब्रिटनमध्ये २०२० पासून अशा रुग्णांना खिशात ठेवायचं स्टिरॉइड कार्ड दिलं जातं. आपण सरकारी आदेशाची वाट कशाला पाहायची? चिठ्ठीवर मराठीत एक ओळ लिहू या : ‘हे स्टिरॉइड आहे, विचारल्याशिवाय बंद करू नये.’ लिहायला दहा सेकंद लागतात.

तोवर तुम्ही एवढं करा. आज घरातल्या वडीलधाऱ्यांचा औषधांचा डबा उघडा, प्रत्येक पट्टीवरचं नाव वाचा आणि शंका आली तर पुढच्या भेटीत ती पट्टी डॉक्टरांसमोर ठेवा.