ताणाने वाण घडत नाही, पण वेगळी काडी कापू नका



निफाड-दिंडोरीकडे एक बोलणं कानावर येतं, "गारपीट, थंडी, उन्हाचा ताण बसला की झाडाची जात बदलते." यात थोडं खरं आहे. पण ते अर्धंच सांगितलं जातं, म्हणून आज हा विषय.

झाडाच्या जनुकसंचात काही तुकडे एका जागी बसत नाहीत. ते जागा बदलतात, नाहीतर स्वतःची नक्कल करून दुसरीकडे चिकटवतात. शास्त्रज्ञ त्यांना ट्रान्सपोजॉन म्हणतात, आपण उड्या मारणारी जनुकं म्हणू. बार्बरा मॅक्लिंटॉक बाईंनी १९४० च्या दशकात मक्याच्या रंगीत ठिपक्यांच्या दाण्यांवरून ती ओळखली. नोबेल मिळालं ते १९८३ साली! मक्याच्या जनुकसंचाचा सुमारे ८५ टक्के भाग असल्याच तुकड्यांचा आहे.

एरवी झाड त्यांना कुलूप लावून ठेवतं. कडक ऊन, थंडी, रोग, टिश्यू कल्चर अशा ताणात काही कुलपं सैल होतात. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडोप्सिस या रोपाला ३७ अंशांचा ताण दिला की 'ओन्सेन' नावाचा तुकडा जागा होतो. पण पुढचं ऐका. ताण सरला की निरोगी रोप त्याला परत गप्प करतं. पुढच्या पिढीत नव्या उड्या सापडल्या, त्या कुलूप लावणारी यंत्रणाच बिघडलेल्या रोपांत. म्हणजे झाड राखण करतं. ताण दिला आणि नवीन वाण निघाला, इतकं सोपं नाही.

आता आपल्या द्राक्षाचं बघा. थॉमसन हिरवी का? रंग आणणाऱ्या एका जनुकाच्या तोंडाशीच असा एक तुकडा पूर्वी कधीतरी येऊन बसला आणि ते बंद पडलं. शेजारचं जोडीदार जनुकही वेगळ्या बिघाडाने निकामी आहे. जपानी शास्त्रज्ञांनी २००४ साली हा तुकडा दाखवला. ब्राझीलमध्ये 'इटालिया' या हिरव्या वाणाच्या वेलीवर लाल घडांची काडी निघाली, तोच 'रुबी ओकुयामा' वाण. तिच्यात त्या तुकड्याचा बराचसा भाग निघून गेलेला आहे. थॉमसनचं बिनबियांचं असणं मात्र जनुकातल्या एका अक्षराच्या बदलामुळे. म्हणजे प्रत्येक बदल उडीचाच असतो असंही नाही.

पिंक बेरीचं काय? डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा उतरला की मणी गुलाबी होतात. थंडीच्या वर्षी बागच्या बाग गुलाबी आणि पुढच्या वर्षी त्याच वेली हिरव्या, तर तो हवामानाचा तात्पुरता परिणाम. त्यात नवीन वाण शोधू नका. खरा बदल एका डोळ्यात होतो, एकाच काडीवर दिसतो आणि दरवर्षी तसाच राहतो.

माझं म्हणणं एवढंच. तास-ए-गणेश सांगली जिल्ह्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधून निवडला. सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी. दोघेही शेतकरी. आज आपण परदेशी वाणांसाठी रॉयल्टी मोजतोय आणि इकडे वेगळी दिसलेली काडी एप्रिलच्या खरड छाटणीत बांधावर फेकतोय. मजुराच्या कात्रीला काय कळणार ती वेगळी होती ते?

म्हणून:

१. वेगळी काडी दिसली की रिबन बांधा, ओळ आणि झाडाचा नंबर लिहा, घडाचा फोटो काढा.
२. छाटणीला तिचे डोळे राखा. निदान दोन-तीन हंगाम बघा.
३. बदल टिकला तर तिच्याच डोळ्यांवरून खुंटावर कलमं करा आणि शेजारी साधी थॉमसन ठेवून तुलना करा.
४. नुसत्या रंगावर जाऊ नका. साखर, मण्याची जाडी, घडनिर्मिती, भुरी-डाऊनी, सगळं तपासा. बरेच बदल नुकसानीचेच असतात.
५. खरंच दम असेल तर २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला स्वतःच्या नावावर वाण नोंदवता येतो. कलमं वाटत सुटण्याआधी हे बघा.

आणि कोणी "ताण सोसून तयार झालेला वाण" म्हणून महागडी काडी विकायला आला, तर आधी विचारा, किती झाडांवर, किती हंगाम बघितलं? उत्तर नसेल तर पैसे खिशातच बरे.