हसवणाऱ्या मुलाला झोप लागते का?

कॉलेजं सुरू झाली की साकीनाक्याच्या भाड्याच्या खोल्या भरतात. पवई जवळ, मेट्रो हाताशी. एका खोलीत चार-पाच जण, डोक्यावरून उतरणारी विमानं आणि डब्यात ओळखू न येणारी भाजी. लातूरकडून आलेला मुलगा पहिल्याच रात्री 'काय करूलालास?' असं विचारतो आणि सगळी खोली हसते. तोही हसतो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तसंच बोलून दाखवतो. आठवडाभरात त्याच्याशिवाय कुणाला करमत नाही.

या हसण्याचा शरीरालाही फायदा असतो. ब्रिटनमधील रॉबिन डनबर आणि सहकाऱ्यांच्या २०११च्या अभ्यासात, खळखळून हसल्यानंतर माणसं वेदना जास्त सोसू शकतात असं दिसलं. मेंदूतल्या एंडॉर्फिनमुळे असं होत असावं, असं त्यांचं म्हणणं.

मात्र हाच मुलगा दिवाळीच्या आधी ओपीडीत येतो. तक्रार डोकेदुखीची किंवा पोटाची, आणि तीही तो विनोद करतच सांगतो. झोपेबद्दल विचारलं की गप्प होतो.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा सांगितल्या. त्यांतली एक म्हणजे, इतरांनी आपल्याला आपलं म्हणावं यासाठी स्वतःलाच खाली पाडत राहणं. या तऱ्हेचा संबंध नैराश्य आणि चिंतेशी आढळतो. आपल्या बोलीवर एकदा हसणं वेगळं आणि 'मी असाच गावंढळ, मला काय येतंय' हे रोज हसत म्हणणं वेगळं. घरचे मात्र फोनवर त्याचे विनोद ऐकून निश्चिंत होतात. 'रमला हो आमचा!'

यूजीसीने २०१९ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी 'दीक्षारंभ' कार्यक्रम सुचवला. त्यात भाषणं आणि हारतुरे कमी करून, महिन्याभराने प्रत्येक नव्या मुलाशी कुणीतरी दहा मिनिटं बोलावं. मार्कांबद्दल नव्हे, झोपेबद्दल, जेवणाबद्दल. दोन आठवडे झोप उडालेली असेल, भूक मेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर 'घरची आठवण येते, होईल सवय' म्हणून सोडून देऊ नये. आणि मरणावर विनोद सुरू झाले तर खोलीतल्या मित्रांनी हसून न सोडता सरळ विचारावं. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे.

टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. 'करूलालो' म्हटलं तरी चालतं.