लकव्याचा श्वास कोण मोजणार?

लकवा मारला की सगळे हातपाय बघतात. हात उचलतो का, पाय टाकतो का, तोंड सरळ झाले का, एवढीच विचारपूस. श्वासाची चौकशी कुणी करत नाही आणि झटक्यातून वाचलेला माणूस पुढे न्यूमोनियाने जातो. लोक म्हणतात, लकव्याने गेला!

मेंदूच्या एका बाजूची रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की शरीराची विरुद्ध बाजू लुळी पडते. त्याच बाजूचे श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायूही दुबळे होतात. पडून राहिल्यावर श्वास चालतो, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. पण खोल श्वास घेता येत नाही, जोरात खोकता येत नाही. गिळणे बिघडले असेल तर पाण्याचा घोट फुप्फुसात उतरतो, कधी ठसकाही न लागता. आत कफ साचतो, जंतू वाढतात. त्यात चुलीच्या धुराने, खडी केंद्राच्या धुळीने आणि विडीने आधीच पोखरलेली फुप्फुसे कोणत्या वस्तीत असतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

याला महागडे यंत्र लागत नाही. तोंडाने काही देण्याआधी गिळण्याची तपासणी, भरवताना रुग्णाला ताठ बसवणे, डॉक्टरांनी परवानगी देताच अंथरुणातून उठवणे, आणि श्वासाच्या स्नायूंचा रोजचा व्यायाम. हातात मावणाऱ्या साध्या उपकरणातून जोर लावून श्वास ओढल्याने या स्नायूंची ताकद वाढते, असे अभ्यासांत दिसले आहे. पण शिकवणारा माणूस लागतो, आणि तो महिनोन्‌महिने लागतो.

इथेच गोची आहे. मराठवाड्याचा गरीब रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत येतो. हिंगोलीहून हे अंतर दोनशे किलोमीटरच्या वर. खाट सुटली की तो गावी परततो. व्यायामासाठी दर आठवड्याला मजुरी बुडवून त्याला इथे कोण आणणार? महात्मा फुले जनआरोग्य योजना मुळात भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. त्यानंतरचे महिने ज्याचे त्याने बघायचे. ही रिकामी जागा मग कबुतराचे रक्त चोळणारे भोंदू भरून काढतात. आम्ही त्यांना दोष देतोच. पण त्यांना गिऱ्हाईक पुरवणारी व्यवस्था निर्दोष कशी?

केंद्राने २०१० साली सुरू केलेल्या कार्यक्रमाच्या नावातच पक्षाघात होता. २०२३ मध्ये नाव बदलले, ‘असंसर्गजन्य रोग’ या मोठ्या पोतडीत तो शब्द गेला. नाव गेल्याचे दुःख नाही, पण तालुक्याला माणूस आला का? संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते.

आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचे पद मंजूर आहे काय, असल्यास भरलेले आहे काय, आणि लकव्याच्या किती रुग्णांची गिळण्याची तपासणी झाली, हे वाचकांनी लेखी विचारावे. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हातात आहे.